वेडा रिडली आणि झाड न तोडता चीक काढण्याची विद्या

सिंगापूरच्या बोटॅनिक गार्डन्सला २०१५ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, तेव्हा तिच्या महत्त्वाच्या कारणांत रबराच्या लागवडीतील या बागेच्या कामगिरीचा समावेश होता. ती कामगिरी प्रामुख्याने हेन्री निकोलस रिडली या वनस्पतिशास्त्रज्ञाची. त्याने रबराचे झाड पूर्वेकडे आणले, असा एक समज आहे. तो खरा नाही. झाडे त्याच्या आधीच येथे पोहोचली होती. रिडलीने बदलली ती माणसांची झाडाशी वागण्याची रीत.

ही रीत कशी होती, हे गटापर्चाच्या कहाणीवरून दिसते. मलायाच्या अरण्यातील ताबान नावाच्या वृक्षाचा हा घट्ट होणारा चीक समुद्राखालील तारायंत्राच्या केबलवर वेष्टण म्हणून अत्युत्तम ठरला. १८७० साली मुंबई एडन आणि सुएझमार्गे युरोपशी जोडली गेली, तीही अशाच केबलने. परंतु चीक मिळविण्यासाठी आख्खा वृक्ष आडवा केला जाई आणि हाती थोडाच चीक लागे. सिंगापूर बेटावरील हे वृक्ष काही वर्षांतच जवळजवळ नामशेष झाले. दुसरीकडे गांबीरचे मळे होते. गांबीरची पाने उकळण्यासाठी अखंड सरपण लागे. जमीन निकस झाली की मळेवाला पुढचे रान तोडून तेथे जाई.

अशा बेटावर १८८८ साली रिडली बागेचा संचालक म्हणून आला. त्याचा जन्म १० डिसेंबर १८५५ रोजी इंग्लंडमधील नॉरफक परगण्यात एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. ऑक्सफर्डचे शिक्षण आटोपून त्याने ब्रिटिश म्युझियमच्या वनस्पती विभागात काही वर्षे काम केले होते. सिंगापुरात बागेबरोबरच वनांची जबाबदारीही त्याच्याकडे आली. त्याच्या आधीचा अधिकारी नॅथॅनियल कॅन्टली याने १८८३ साली जंगलांच्या दुर्दशेचा अहवाल दिला होता आणि बुकित तिमासारखी काही वने राखीव ठरली होती. परंतु राखीव वनाची सीमा कागदावर आखली, तरी सरपण तोडणाऱ्याची सवय त्यामुळे बदलत नसते.

बागेत ब्राझीलच्या रबराची झाडे वाढत होती. हेन्री विकहॅमने १८७६ साली ॲमेझॉनच्या खोऱ्यातून लंडनच्या क्यू उद्यानात नेलेल्या बियांपासून तयार झालेली २२ रोपे १८७७ मध्ये सिंगापुरात आली होती. त्यांचाच हा विस्तार. ॲमेझॉनमध्ये कुऱ्हाडीचे घाव घालून चीक काढीत, आणि त्याने खोड विद्रूप होई. रिडलीने निराळा मार्ग शोधला. सालीवर तिरपा छेद द्यायचा, आतील वाढीचा थर दुखवायचा नाही, आणि पुन्हा चीक काढताना त्याच छेदाच्या कडेची पातळ कपची तासायची. अशाने चीक वाढत जातो आणि कालांतराने साल पुन्हा भरून येते, हे त्याने प्रयोगांनी दाखवून दिले. कोकणात माडी काढणारा भंडारी पोयीचे टोक रोज हलकेच कापतो आणि माड जगवतो, त्याच जातीची ही विद्या.

विद्या सापडली, पण ती घेणार कोण? मळेवाल्यांचा जीव कॉफीत गुंतलेला होता. रबराच्या झाडातून उत्पन्न यायला पाच-सात वर्षे थांबावे लागे. रिडली खिशात बिया घेऊन हिंडे, भेटेल त्या मळेवाल्याला त्या देई, बागेतील झाडांचा चीक काढून दाखवी, आपले निष्कर्ष बागेच्या शेतीविषयक पत्रिकेत छापी. लोकांनी त्याचे नाव वेडा रिडली ठेवले. सरकारी वर्तुळातही हा उद्योग अनेकांना व्यर्थ वाटे. अखेर १८९६ च्या सुमारास मलाक्काच्या टान चे यान या चिनी मळेवाल्याने धाडस केले. पुढे ब्राझीलच्या अमाप पिकामुळे कॉफीचे भाव कोसळले, मोटारगाड्यांच्या टायरांची मागणी वाढली, आणि शेजाऱ्याच्या मळ्यात पैसा दिसू लागताच इतरांचीही पावले तिकडे वळली.

या यशाची दुसरी बाजू मात्र कटू आहे. मलायातील लक्षावधी एकर अरण्य तोडून तेथे रबराचे मळे उभे राहिले. त्यांत दक्षिण भारतातून आणलेल्या तमिळ मजुरांनी आपली आयुष्ये झिजवली. एक झाड न मारता चीक घेण्याची रीत सर्वत्र रुजली, पण त्या झाडासाठी हजारो जातींचे रान गेले. ज्याने हयातभर त्या रानातील वनस्पतींची नोंद केली, त्याच्याच यशाचा हा परिणाम होता. मळेवाल्याला पटले ते लाभामुळे. रान राखण्यात त्याला दाखविता येईल असा लाभ रिडलीकडे नव्हता.

१९१२ साली निवृत्त होऊन तो इंग्लंडला परतला. १९२२ ते १९२५ या काळात मलाया द्वीपकल्पाच्या वनस्पतींवरील त्याचा पाच खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९३० साली वनस्पतींच्या बीजप्रसारावरील दुसरा मोठा ग्रंथ आला. २४ ऑक्टोबर १९५६ रोजी, वयाची शंभर वर्षे पूर्ण करून, तो क्यू येथे निवर्तला.

आज सिंगापूरच्या भूमीवर मूळचे अरण्य अर्ध्या टक्क्याहूनही कमी उरले आहे. त्यातील मोलाचा तुकडा बुकित तिमाच्या टेकडीवर आहे, आणि तो वाचला तो मुख्यतः राखीव वनाच्या बंधनामुळे. निसर्गरक्षणाच्या कार्यक्रमांत आज लोकांच्या सवयी बदलण्यावर भर असतो, तो योग्यच आहे. रिडलीचे चरित्र सांगते, की हाती पुरावा दिला, शेजाऱ्याचे उदाहरण दिसले आणि पोटाची सोय झाली, तर माणसे पिढीजात रीतही सोडतात. मात्र ती कोणत्या दिशेने जाणार आणि कोठे थांबणार, हे आधीच ठरवावे लागते.