मिरजेचे धन्वंतरी सर विल्यम वानलेस

जळकोटकरांपुढे कीर्तनास उभे राहिलो म्हणजे पूर्वरंगात वैद्यधर्माचे निरूपण आम्ही पुष्कळदा करतो. नाताळाच्या पर्वणीस आज उत्तररंगाचे आख्यान मात्र एका ख्रिस्ती वैद्याचे लावीत आहोत.

विल्यम वानलेस यांचा जन्म १८६५ सालचा, कॅनडातला. न्यूयॉर्क येथे वैद्यकाची पदवी संपादून १८८९ साली ते पत्नी मेरी यांच्यासह अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे सांगलीस आले. १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभे राहिले आणि १८९७ पासून तेथे वैद्यकाचे अध्यापनही सुरू झाले. डोळ्यांच्या व पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी दूरदूरचे रोगी मिरजेची वाट धरू लागले.

परंतु शल्यकौशल्य ही या चरित्राची अर्धीच बाजू होय. वैद्याने कोणाला नाकारावे, हा खरा प्रश्न. चरकसंहितेच्या विमानस्थानात गुरूने शिष्यास दिलेला उपदेश आहे. जिवावर बेतले तरी रोग्याचे अहित चिंतू नये, त्याच्या घरातील गोष्ट बाहेर नेऊ नये, इतका तो उदात्त आहे. त्याच उपदेशात राजाचा रोष ओढवलेल्यास आणि मरणोन्मुखास औषध देऊ नये असेही सांगितले आहे. असाध्य रोगास हात घातला असता वैद्याच्या यशाची व विद्येची हानी होते, अशी त्यामागची धारणा. त्या काळी यश गेले की वैद्याचा निर्वाहच गेला, हे ध्यानी घेतले तरी तेथे आमचे मन अडखळते.

येशूच्या शुभवर्तमानातील वैद्यधर्म नेमका याच ठिकाणी वेगळी वाट घेतो. यरीहोच्या रस्त्यावर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या वाटसरूला याजक टाळून जातो, लेवी टाळून जातो. तिऱ्हाईत शोमरोनी मात्र जात न विचारता, हा जगेल की मरेल याचा हिशेब न करता, जखमांवर तेल व द्राक्षारस ओततो, धर्मशाळेत नेतो आणि पुढील खर्चाची हमीही देतो. मनुष्य ईश्वराच्या प्रतिरूपाने घडला आहे, ही ख्रिस्ती श्रद्धा. म्हणून त्याचे मोल रोगाने घटत नाही.

ज्या दोन रोगांनी ग्रासलेल्यांना सख्खे नातलगही उंबऱ्याबाहेर ठेवीत, त्या महारोगाच्या व क्षयाच्या रुग्णांसाठी मिरजेच्या या परिवारात स्वतंत्र आश्रयस्थाने झाली. क्षयरुग्णांचे आरोग्यधाम जेथे वसले, ती वस्ती वानलेसवाडी म्हणून ओळखली जाऊ लागली. कोल्हापुरातील रुग्णालयास मेरीबाईंचे नाव मिळाले.

एक शंका आमचे श्रोते हटकून काढतात. वानलेस धर्मोपदेशकही होते आणि औषधाबरोबर उपदेश हे मिशनचे उघड धोरण होते. खाटेवर पडलेला रोगी उठून जाऊ शकत नाही; त्याच्या असहायतेपुढे कोणत्याही धर्माचा उपदेश, आमचे कीर्तनसुद्धा, संकोचाने उभे राहिले पाहिजे, असे आम्हांस वाटते. तथापि रुग्णालयाचे दार कोणत्याही जातीच्या वा धर्माच्या रोग्यास बंद नव्हते, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल.

१९२७ साली बार्शी लाइटची अरुंद गाडी पंढरपूरहून मिरजेपर्यंत पोहोचली आणि तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या आमच्या मुलखातील रोग्यासही कुर्डुवाडीमार्गे मिरज जवळ आली. पुढील वर्षी वानलेस यांना सर हा किताब मिळाला. त्याच वर्षी, सुमारे चाळीस वर्षांच्या सेवेनंतर, त्यांनी मिरज सोडली. १९३३ साली कॅलिफोर्नियात त्यांचे देहावसान झाले.