चिक चॉकलेट : हळदोण्याच्या धर्मग्रामातून ताजमहाल हॉटेलपर्यंत

१९५१ सालचा ‘अलबेला’ हा चित्रपट जुन्या पिढीला चांगलाच स्मरत असेल. दिग्दर्शक व नायक भगवानदादा आणि संगीतकार पुणतांब्याचे सी. रामचंद्र ही दोन्ही मराठी नावे सर्वपरिचित आहेत. परंतु त्याच चित्रपटात झालरीचे सदरे घालून जो वाद्यवृंद पडद्यावर येतो, त्याचा ट्रम्पेट वाजविणारा प्रमुख कोण, हे आज फार थोड्यांना सांगता येईल. ते होते चिक चॉकलेट, म्हणजेच बारदेशातील हळदोणे गावचे अंतोनियो झेवियर वाझ.

त्यांचा जन्म १९१६ चा. मुलाने मेकॅनिक होऊन चार पैसे मिळवावेत अशी आईची इच्छा होती, पण मुलाचा ओढा संगीताकडे. त्या काळी गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचावयास शिकवीत. मिस्सा, लादाईन व मिरवणुका यांसाठी गायक-वादक तयार व्हावेत, एवढाच त्यामागील हेतू होता. मात्र या शिक्षणाच्या बळावर हजारो गोवेकरांना ब्रिटिश हिंदुस्थानातील लष्करी बँड, मूकपट दाखविणारी चित्रगृहे आणि मोठमोठी हॉटेले यांत पोट भरता आले. वाझ यांनीही अशाच शाळेत संगीताचे धडे गिरविले.

१९३५ पासून लिऑन ॲबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड हे आफ्रिकी-अमेरिकन कलावंत मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजवू लागले. गोव्याच्या तरुणांनी हे संगीत कानांनी टिपले. स्वरलिपीबाहेर जाऊन तत्क्षणी सुचेल ते वाजवावयाचे, ही गोष्ट चर्चमधील शिस्तीत वाढलेल्यांना सोपी नव्हती. वाझ यांना ती साधली. लुई आर्मस्ट्राँग हे त्यांचे दैवत. ट्रम्पेट तर त्यांच्यासारखा वाजवावयाचाच, पण गाताना तोच घोगरा आवाज, घाम पुसावयास तोच पांढरा रुमाल! लोक त्यांना हिंदुस्थानचे आर्मस्ट्राँग म्हणत. या बिरुदाने त्यांचा गौरव झाला खरा, पण त्यांची स्वतःची ओळख थोडी झाकोळली असेही वाटते.

मसुरीत त्यांनी ‘चिक अँड द म्युझिक मेकर्स’ हा ११ जणांचा वाद्यवृंद उभा केला आणि १९४५ मध्ये त्यांना ताजमहाल हॉटेलचे काम मिळाले. त्यांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. पण हे वैभव टिकणारे नव्हते. इंग्रज गेले, आणि १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी आली. नृत्यगृहांची मिळकत आटली व वादकांना दुसरा मार्ग शोधावा लागला.

तो मार्ग चित्रपटांचा होता. सी. रामचंद्र चाल बांधत. वाद्यवृंदातील प्रत्येकाने केव्हा व काय वाजवावे, गाण्याआधीचा तुकडा कसा असावा, दोन कडव्यांमधली जागा कशाने भरावी, हे कागदावर उतरविण्यास स्वरलिपी जाणणारा माणूस लागे. चिक चॉकलेट त्यांचे सहायक झाले. १९५० च्या ‘समाधी’तील लॅटिन अमेरिकन ढंगाचे गाणे आणि ‘अलबेला’ची नाचरी गाणी ऐकताना हळदोण्याच्या या माणसाचा हात जाणवतो. ‘नादान’ (१९५१), ‘रंगीली’ (१९५२) आणि ‘कर भला’ (१९५६) या चित्रपटांना त्यांनी स्वतः संगीत दिले. ते फारसे गाजले नाहीत. संगीतकार म्हणून नाव व्हावे एवढे काम त्यांना मिळालेच नाही.

चित्रपटाच्या श्रेयनामावलीत अशा वादकांची नावे त्या काळी क्वचितच येत. सबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड हे सारे याच परंपरेतले. संध्याकाळी हॉटेलात जॅझ आणि दिवसा स्टुडिओत ध्वनिमुद्रण, असा त्यांचा दिनक्रम असे.

१९६७ साली, वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षी, चिक चॉकलेट यांचे निधन झाले. २०१२ मध्ये नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझयुगावर ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ हे इंग्रजी पुस्तक लिहिले, आणि त्यातून नव्या पिढीला या नावाची ओळख झाली. त्यांच्या जुन्या मुद्रिका आता पुन्हा ऐकावयास मिळतात. ‘अलबेला’ तर घरोघरी आहेच. पुढच्या वेळी पाहाल तेव्हा नायकाच्या मागे उभ्या असलेल्या वादकांकडेही जरूर लक्ष द्या.