सर्पगंधेची मुळी आणि डॉ. रुस्तम जाल वकील

औषधी वनस्पतींचा पाठ आला की आपण तुळस, अडुळसा, कोरफड सांगतो. या यादीत सर्पगंधाही घ्या. तिच्यामागे मुंबईच्या एका डॉक्टरांचं मोठं काम आहे.

डॉ. वकील यांचा जन्म १९११ साली झाला. लंडनला वैद्यकीय शिक्षण घेऊन ते मुंबईत परतले आणि के.ई.एम. रुग्णालयात हृदयरोगाचे रुग्ण पाहू लागले. त्या काळी उच्च रक्तदाबावर खात्रीचं औषध जवळपास नव्हतंच. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रुझवेल्टसुद्धा १९४५ मध्ये बीपी वाढलेलं असताना मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले.

सर्पगंधेची मुळी वैद्य पूर्वीपासून वापरत होते. तिने रक्तदाब उतरतो, हे सेन आणि बोस यांनी १९३१ सालीच लिहिलं होतं. पण जगाने फारसं लक्ष दिलं नाही. वकिलांनी ५० रुग्णांना हे औषध दिलं, रक्तदाब मोजून नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. मग मात्र जगाचे डोळे उघडले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये या मुळीतून रिसर्पिन वेगळं काढण्यात आलं.

ते काम कसं करतं? मुलांना पोस्टमनचं उदाहरण द्या. मज्जातंतूच्या टोकाशी बारीक थैल्या असतात. त्यातलं नॉरअ‍ॅड्रिनलिन रक्तवाहिनीच्या स्नायूपेशीला आवळण्याचा निरोप देतं. तोच निरोप मूत्रपिंडाला गेला की रेनिन सुटतं, शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं आणि दाब आणखी चढतो. रिसर्पिन या थैल्या भरूच देत नाही. थैलीच रिकामी, तर निरोप पोचणार कसा?

या कामासाठी त्यांना १९५७ साली लास्कर पुरस्कार आणि पुढच्याच वर्षी पद्मभूषण मिळालं. १९७४ मध्ये ते गेले.

मात्र हेही सांगा, की रिसर्पिनमुळे काहींना नैराश्य येतं, म्हणून आज ते क्वचितच देतात. मुळी घरी उकळून पिऊ नये. आमच्या नंदनवनातही पालकांशी बोलताना काही त्रास नाही म्हणून गोळी सोडल्याचं कानावर येतं. पण वाढलेला दाब दुखत नाही. तो गुपचूप मूत्रपिंड खराब करतो आणि खराब मूत्रपिंड दाब पुन्हा वाढवतं.

वकिलांनी अंदाजावर न राहता मोजून पाहिलं. आपणही घरच्या मोठ्यांचं बीपी मोजून घेऊया.