ब्रोलिओचा पोलादी सरदार

जानेवारी सरत आला की वाशीच्या घाऊक फळबाजारात द्राक्षांच्या पेट्यांच्या थप्प्या लागतात. थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका, शरद ही नावे आम्हा नवी मुंबईकरांना आता आंब्यांच्या नावांइतकीच ओळखीची झाली आहेत. ही सगळी खाण्याची द्राक्षे. मणी टपोरा, साल पातळ, बी जवळजवळ नाहीच. वाइनचे द्राक्ष नेमके याच्या उलट असते. मणी बारीक, साल जाड, आत बिया, आणि गोडीच्या मागोमाग जिभेवर येणारा तुरटपणा. वाशीच्या बाजारात त्याला गिऱ्हाईक मिळायचे नाही. तरीही आपल्या सोलापूर जिल्ह्यात, अकलूजच्या आसपास, सांजोवेझे नावाचे असे एक द्राक्ष पिकते. ते मूळचे इटलीतल्या टस्कनी प्रांतातले. तीन घराण्यांतल्या भावाभावांनी मिळून ते येथे आणले. त्यांत इटलीचे सेच्ची बंधू आहेत, तसे अकलूजचे मोहिते-पाटीलही आहेत. म्हणून त्या कंपनीचे नावच ‘फ्रातेल्ली’, म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. तिची वाइन घडवायला कियांती भागातले जाणकार पिएरो मासी आले होते.

कियांती म्हटले, की मला एका माणसाची आठवण होते. सांजोवेझेचे काय करायचे हे त्याने एका पत्रात लिहून ठेवले, आणि हे पत्र लिहिण्यापूर्वी तो दोनदा इटलीचा पंतप्रधान होऊन गेला होता. त्याचे नाव बेत्तिनो रिकासोली.

मराठी वाचकाला इटलीचा स्वातंत्र्यलढा परका नाही. सावरकरांचे मॅझिनीवरचे पुस्तक 1907 मध्ये निघाले, तेव्हापासून मॅझिनी, गॅरिबाल्डी आणि काव्हूर ही तीन नावे आपल्याकडे घरची झाली. शाळेच्या इतिहासातही तीच तिघे भेटतात. पण इटलीचे राज्य स्थापन होऊन तीन महिने होतात न होतात तोच, 6 जून 1861 रोजी काव्हूर वारला. त्याच्या रिकाम्या खुर्चीवर कोण बसले, हे आपल्याला कोणी सांगितले नाही. तिथे बसला तो हाच रिकासोली.

त्याचा जन्म 9 मार्च 1809 रोजी फ्लॉरेन्सला झाला. घराणे जुने. सिएनाजवळच्या टेकड्यांवरचा ब्रोलिओचा किल्ला 1141 पासून या घराण्याकडे. सिएना आणि फ्लॉरेन्स यांच्या भांडणांत हा सीमेवरचा किल्ला अनेकदा मार खाऊन पुन्हा उभा राहिलेला. बेत्तिनोच्या वाट्याला मात्र किल्ल्याबरोबर कर्जाचा डोंगरही आला. अठराव्या वर्षी तो पोरका झाला. धाकट्या भावांची जबाबदारी अंगावर पडली आणि टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने खास हुकूम काढून त्याला वेळेआधीच सज्ञान ठरवले. शिक्षण अर्धवट राहिले. ज्या वयात फ्लॉरेन्सची सरदारपोरे नाचगाण्यांत रमत, त्या वयात हा जमाखर्चाच्या वह्या तपासत होता. पुढे लोकांनी त्याला ‘पोलादी बॅरन’ म्हटले. त्या पोलादाला पाणी या वह्यांनीच चढवले, असे मला वाटते.

1830 मध्ये अ‍ॅना बोनाक्कोर्सीशी त्याचे लग्न झाले. या जोडप्याची एक आख्यायिका टस्कनीत अजून सांगतात. फ्लॉरेन्समधल्या एका नाचाच्या समारंभात कोणी तरुण अ‍ॅनाभोवती जरा जास्तच घुटमळला. बेत्तिनोने बायकोला उठवले, दोघे बग्गीत बसली, आणि बग्गी घराकडे न वळता शहराबाहेर पडली. थंडीची रात्र, अ‍ॅनाच्या अंगावर नाचाचा तलम पोशाख. पहाटे बग्गी थांबली ती ब्रोलिओच्या ओसाड किल्ल्याशी. त्यानंतर दोघांचा संसार मुख्यतः तिथेच झाला. गोष्ट रंगवलेली असेल, पण 1838 च्या सुमारास हे कुटुंब ब्रोलिओला राहायला गेले, हे खरे. इटालियन लेखक ही कथा हसत सांगतात आणि शेवटी म्हणतात, नवऱ्याच्या मत्सरातून जगाला कियांती मिळाली. मला मात्र त्या बग्गीतल्या अ‍ॅनाचाच विचार पडतो. ती 1852 मध्ये गेली. वाइनच्या पुस्तकांत तिच्या वाट्याला ही एक रात्र तेवढी आली आहे.

ब्रोलिओत त्याने काय केले? आधी जमीन हाती घेतली. टस्कनीतली शेती तेव्हा निम्म्या वाट्याची होती. जमीन मालकाची, राबणूक कुळाची, पीक अर्धे अर्धे. द्राक्षवेली धान्याच्या शेतात झाडांवर चढवलेल्या असत, आणि जी जात हाताला लागेल ती पिंपात पडे. रिकासोलीने कुळांना शिस्त लावली, हिशेब कडक केले, शिवाय त्यांना धर्माचे आणि नीतीचे धडेही स्वतः दिले. आम्ही राहतो त्या खाडीपलीकडच्या मुलखाला खोतांच्या आठवणी आहेत. चरीचा शेतकरी संप 1933 पासून सहा वर्षे चालला तो शेजारच्या अलिबाग तालुक्यातच. त्यामुळे मालकाने कुळाला नीती शिकवावी, हे वाचताना माझ्या कपाळाला आठी पडते. पण हा मालक स्वतःही तितक्याच कडक शिस्तीत राहत होता, हेही नोंदवायला हवे.

त्याचे खरे वेड मात्र द्राक्षाचे. कियांतीची वाइन तेव्हा आठवडी बाजारातली वाइन होती. गवताने विणलेल्या वेष्टनातली गोल बुडाची बाटली, आत पातळसर लाल पेय, आणि प्रवास घडला की नासणारे. फ्रेंच वाइन मात्र समुद्र ओलांडून जाई आणि जुनी होईल तशी महाग होई. असे का, हे पाहायला तो 1851 मध्ये फ्रान्सला गेला. परत येऊन त्याने एकेक जात वेगळी लावली, वेगळी आंबवली, चाखली, मिसळली. वर्षाला एकच पीक, म्हणजे चूक कळायलाही एक वर्ष आणि दुरुस्त करायलाही एक वर्ष. असे तीसेक वर्षे चालले.

मध्येच राजकारण आले. 1847 मध्ये त्याने ‘ला पात्रिया’ हे वृत्तपत्र काढले, पुढे फ्लॉरेन्सचे नगरप्रमुखपद सांभाळले, आणि ग्रँड ड्यूकचा कल फिरल्यावर तो बाजूला झाला. 1859 मध्ये ग्रँड ड्यूक पळाला तेव्हा टस्कनीची सूत्रे त्याच्या हाती आली. ग्रँड ड्यूकला परत आणावे अशी युरोपातल्या बड्या दरबारांची खटपट होती. हा हटला नाही. मार्च 1860 मध्ये जनमत घेऊन त्याने टस्कनी पीडमाँटला जोडली. इटली एक होण्यात त्याचा वाटा मोठा आहे तो येथे. पंतप्रधान म्हणून तो तितका यशस्वी ठरला नाही. कारस्थानांचा त्याला तिटकारा होता, आणि पोपशी समेट करण्याचे प्रयत्न फसले. मार्च 1862 मध्ये त्याने पद सोडले, 1866 मध्ये पुन्हा आला, एप्रिल 1867 मध्ये पुन्हा गेला. प्रशियाने देऊ केलेला मोठा किताब त्याने नाकारला, कारण प्रशियाशी मैत्रीचा करार घडवणाऱ्या ला मार्मोराला तो मिळणार नव्हता. असा माणूस मंत्रिमंडळात फार दिवस टिकत नाही.

तो ब्रोलिओला परतला, आणि 1872 मध्ये त्याने पिसा विद्यापीठातले प्राध्यापक चेझारे स्तुदियाती यांना ते पत्र लिहिले. त्याचा आशय सोपा आहे. वाइनला सुगंध आणि जोम येतो तो सांजोवेझेमुळे. कानायोलो हे दुसरे काळे द्राक्ष तिचा करडेपणा मऊ करते. माल्वाझिया हे पांढरे द्राक्ष घातले की वाइन हलकी होते आणि रोजच्या जेवणाला लवकर तयार होते, पण जी वाइन वर्षानुवर्षे ठेवायची आहे तिच्यात ते न घातलेले बरे.

मला सगळ्या चरित्रात मोलाचा वाटतो तो हा शेवटचा भाग. रोजची वाइन वेगळी, ठेवणीतली वेगळी. घरात रोजचा भात आणि सणाचा भात वेगळ्या तांदळाचा असतो, तसेच हे. पण 23 ऑक्टोबर 1880 रोजी ब्रोलिओतच तो वारला, आणि पुढच्यांनी नेमके हेच वाक्य गाळले. 1967 मध्ये कियांतीसाठी सरकारी नियम झाले, तेव्हा दहा ते तीस टक्के पांढरे द्राक्ष सक्तीचे ठरले. पांढरे द्राक्ष भरघोस पिके, त्यामुळे नियम पुष्कळांच्या सोयीचा होता. वाइन पातळ होत गेली, आणि या सगळ्यावर शिक्का मात्र बॅरनच्या नावाचा. ज्यांना चांगली वाइन करायची होती त्यांनी कियांती हे नावच सोडले आणि साध्या टेबल वाइनच्या लेबलाखाली उत्तम माल विकला. 1984 मध्ये कियांतीच्या जुन्या गाभ्यात, म्हणजे ‘कियांती क्लासिको’त, सक्ती नाममात्र उरली. 1996 मध्ये तेथे निव्वळ सांजोवेझेची वाइन चालेल असे ठरले, आणि 2006 च्या पिकापासून पांढऱ्या द्राक्षाला बंदीच झाली. पत्र नीट वाचायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. खुद्द ब्रोलिओचा कारखाना मधल्या काळात परक्या कंपन्यांच्या हाती गेला होता. 1993 मध्ये फ्रान्चेस्को रिकासोली या वंशजाने तो परत घराण्याकडे आणला.

आता जेवणाकडे. सांजोवेझेचा गुण म्हणजे आंबटपणा आणि तुरटपणा. टस्कनीत तिच्याबरोबर निखाऱ्यावरचे गोमांस, रानडुकराचा रस्सा, मेंढीच्या दुधाचे जुने चीज आणि टोमॅटोत शिजलेले काहीही खातात. तुरटपणाला चरबी आणि प्रथिने हवीत, आंबटाला टोमॅटोचा आंबट हवा, असे ते गणित आहे. आमच्याकडच्या आगरी-कोळी जेवणाशी तिचे पटत नाही. बोंबील, तिसऱ्या, कोळंबी यांच्याबरोबर तुरट लाल वाइन तोंडात धातूसारखी लागते. त्यांना सोव्हिन्यों ब्लाँसारखी थंड पांढरी बरी. झणझणीत तांबड्या रश्श्याशीही तिची जोडी नको, कारण तिखटाने तुरटपणा आणि मद्याची धग दोन्ही वाढतात. मात्र बेताच्या तिखटाचे मटण सुके, कांदा-खोबऱ्याचे वाटण लावून तेलावर परतलेली भरली वांगी किंवा टोमॅटोची भाजी असेल, तर अकलूजची सांजोवेझे उत्तम चालते. आपल्या उन्हाळ्यात ती कपाटातल्या तापमानाला पिऊ नये. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून काढावी.

अकलूजकडे द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरला की फळछाटणी. ब्रोलिओत छाटणी एकदाच, हिवाळ्यात, आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. वाशीला पेट्या उतरत असतात त्या फेब्रुवारीत माळशिरसच्या मळ्यात सांजोवेझेची तोडणी चालू असते, आणि बॅरनच्या टेकड्यांवर त्याच जातीच्या वेलींना तेव्हा एक पानही नसते.