डॉ. रखमाबाईंचा नकार

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीची ओळख लिहून द्यावी, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मला प्रथम डॉ. रखमाबाईच आठवल्या. त्याला कारण आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या शेजारची एक मुलगी रडत माझ्याकडे आली होती. सोळाव्या वर्षी घरच्यांनी तिचे लग्न उरकले होते आणि आता तिला नांदायला धाडायचे घाटत होते. एकदा अक्षता पडल्या की इलाज नाही, असे सांगून मी तिची बोळवण केली. पुढे रखमाबाईंचे चरित्र वाचनात आले आणि माझी मलाच लाज वाटली.

रखमाबाईंचा जन्म १८६४ सालचा, मुंबईचा. वडील लहानपणीच वारले. त्यांच्या समाजात पुनर्विवाहाला मुभा होती. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरा विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लागले. पण त्या माहेरीच राहिल्या आणि घरीच वाचू-लिहू लागल्या. १८८४ साली दादाजींनी बायको नांदायला यावी म्हणून मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. अजाणत्या वयात, संमतीवाचून झालेले लग्न मला बांधू शकत नाही, अशी रखमाबाईंची भूमिका होती. खटला चालू असतानाच, १८८५ साली, पाठीशी उभे असलेले सावत्र वडीलही गेले.

त्याच वर्षी न्यायमूर्ती पिन्ही यांनी दादाजींचा दावा फेटाळला. जी कधी नांदलीच नाही, तिला बळाने पाठवता येणार नाही, असे त्यांचे मत पडले. अपिलात तो निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी महिन्याभरात सासरी जाण्याचा हुकूम केला; न गेल्यास सहा महिने कैद. बाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली! केसरीने त्यांच्यावर टीकेची झोड उठवली, पण त्या ढळल्या नाहीत. अखेर १८८८ साली दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. पुढे रखमाबाई विलायतेत डॉक्टरी शिकल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी कित्येक वर्षे स्त्रियांची शुश्रूषा केली.

मात्र त्यांचे लग्न कोर्टाने रद्द केले नाही. सुटका झाली ती पैसे मोजून. त्या २५ सप्टेंबर १९५५ रोजी वारल्या. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. त्यात घटस्फोटाहून निराळी अशी लग्न रद्द करून घेण्याची वाट आहे. पहिली बायको किंवा नवरा हयात असून ते लग्न कायम असताना केलेले, किंवा निषिद्ध नात्यातले लग्न मुळातच रद्द. जबरदस्तीने वा फसवून संमती घेतली असेल, मनोविकारामुळे संमती देण्याची पात्रताच नसेल, नपुंसकत्वामुळे शरीरसंबंध झाला नसेल, किंवा लग्नाच्या वेळी वधूला दुसऱ्याचे दिवस गेलेले असतील, तर अर्ज केल्यावर कोर्ट ते रद्द करू शकते. फसवणूक उघड झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. अशा लग्नाची मुले मात्र औरसच राहतात.

आणि २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने, जे रखमाबाईंना मिळाले नाही ते आजच्या मुलीला दिले आहे. अठरा वर्षांच्या आत लग्न झाले असेल, तर विसावे वर्ष पुरे होण्यापूर्वी जिल्हा न्यायालयात अर्ज करून तिला ते रद्द करून घेता येते.

माझ्याकडे रडत आलेली ती मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिच्या हातात अजून काही महिने होते आणि ते मला ठाऊक नव्हते. भगिनींनो, तुमच्या दाराशी अशी कोणी आली, तर अक्षतांच्या गोष्टी सांगू नका. आधी तिचे वय विचारा, आणि तिला घेऊन वकिलाकडे जा.