बाबासाहेबांचा कोट





येत्या ६ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा महापरिनिर्वाण दिन आहे. दरवर्षी या दिवशी आपण त्यांच्या प्रतिमेला हार घालतो, एक-दोन भाषणे होतात आणि तास सुरू होतात. यंदा थोडे वेगळे लिहावे लागत आहे, कारण आमच्याकडून एक चूक घडली आहे. ती आधी सांगतो.

शनिवारी आपल्या शाळेत गणवेशाला सुट्टी असते. मुले ‘कलर ड्रेस’ घालून येतात, म्हणजे बहुतेक टी-शर्ट आणि जीन्स. अशाच एका शनिवारी वरच्या वर्गातील एक मुलगा इस्त्री केलेला शर्ट, पँट आणि त्यावर जुना काळा कोट घालून आला. कोट त्याच्या मापाचा नव्हता. बाह्या आत दुमडून टाके घातलेले दिसत होते. मुले हसली. प्रार्थना झाल्यावर आम्हीही गमतीने विचारले की, आज कुणाचे लग्न आहे? सगळी रांग हसली, तो मुलगा मात्र हसला नाही. त्यानंतरचे दोन शनिवार तो शाळेत आलाच नाही.

मग त्याची आई भेटायला आली. ती तंबाखूच्या वखारीत काम करते. तिने तक्रार केली नाही. एवढेच सांगितले की, कोट पोराच्या आजोबांचा आहे, ते दरवर्षी १४ एप्रिलला तो घालत. घरात बाबासाहेबांचा फोटो आहे आणि पोराला एकदा तसे दिसायचे होते. आमच्यापाशी उत्तर नव्हते. तिच्या परवानगीने, मुलाचे नाव न देता, हे येथे लिहीत आहोत.

आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण इंदूरला हिंदी माध्यमातून झाले. बाबासाहेबांचे जन्मस्थान महू तेथून जवळच. कितीतरी वेळा तेथे गेलो, पण त्यांच्या कोटाचा विचार आम्ही कधी केला नव्हता. त्या माउलीने तो करायला लावला.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते आणि लष्कराच्या शाळेत शिकवत. मूळ गाव कोकणातले आंबडवे. घरी शिस्त, वाचन आणि स्वच्छता होती. वडिलांच्या अंगावर सरकारी वर्दी होती. पण वर्दी उतरवून गावात पाऊल टाकले की जात आडवी येत असे. वडील निवृत्त झाल्यावर कुटुंब साताऱ्याला राहिले. शाळेत भीमरावांना बसायला घरून गोणपाट न्यावे लागे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, चपराशाने नळ सोडला तरच पाणी. साताऱ्यात धोबी होते, पण अस्पृश्यांचे कपडे धुवायला कोणी तयार नसे. न्हावी होते, पण केस कापत नसत. कपडे धुणे आणि भावांचे केस कापणे हे काम बहिणी घरीच करीत. मुलांनो, परीटघडीचा शर्ट ही आज तुम्हाला साधी गोष्ट वाटते. त्या घरात पैसे मोजूनही ती मिळत नव्हती.

१९०१ साली वडील खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे खजिनदाराच्या नोकरीवर होते. त्यांनी मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत भेटायला बोलावले. पहिलाच आगगाडीचा प्रवास! मोठी तयारी झाली. विलायती धाटणीचे नवे शर्ट, चमचमत्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरे. भीमराव, त्यांचा भाऊ आणि भाचे असे सगळे मसूर स्टेशनावर उतरले. वडिलांना पत्र मिळालेच नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नाही. स्टेशनमास्तरांनी चौकशी केली. कपड्यांवरून ही ब्राह्मणाची मुले असावीत असे त्यांना वाटले. मुलांनी सरळपणे आपण महार असल्याचे सांगितले, तसा त्यांचा चेहराच बदलला आणि ते मागे सरले. गाडीवान दुप्पट भाडे देऊनही मुलांना घेईनात. अखेर एक जण तयार झाला, पण मुलांनी गाडी हाकायची आणि आपण पायी चालायचे या अटीवर. डब्यात जेवण होते, पण प्यायला पाणी मिळेना. नवे कपडे अंगावर असताना ती मुले रात्रभर उपाशी आणि तहानलेली राहिली.

भीमराव तेव्हा जेमतेम दहा वर्षांचे होते. चांगले कपडे घातल्याने जग आपल्याला माणूस मानत नाही, हा धडा त्यांना तेथे मिळाला. या अनुभवानंतर एखाद्याने नीटनेटके राहणे सोडून दिले असते. बाबासाहेबांनी आयुष्यभर त्याच्या उलट केले.

पुढची हकिकत तुम्हाला पाठ्यपुस्तकातून माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९०७ साली मॅट्रिक, १९१२ साली बी.ए., १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठ. तेथून लंडन. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली अर्ध्यावर परत यावे लागले आणि करारानुसार बडोद्यात नोकरी धरावी लागली. परदेशात शिकून आलेला, सुटाबुटातला हा तरुण बडोद्याच्या स्टेशनावर उतरला, पण त्याला राहायला जागा मिळेना. कसाबसा एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिला. जात कळल्यावर अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले. सामान उचलून बाहेर पडावे लागले. गाडीची वाट पाहत कित्येक तास बागेत बसून काढले. मसूरचा अनुभव पुन्हा आला, फक्त धोतराच्या जागी सूट होता.

पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले. तेथेही काही सहकाऱ्यांनी प्राध्यापकांच्या माठातले पाणी घेण्यावरून हरकत घेतली. पैसे साठवून १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. एकवेळ अर्धपोटी राहून ग्रंथालयात दिवस काढले आणि डी.एस्सी. व बॅरिस्टर होऊन १९२३ साली परतले.

आता आपल्या भागाकडे येऊ. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन झाले. महात्मा गांधी अध्यक्ष होते. ते अध्यक्ष असलेले हे एकमेव अधिवेशन. १९२१ पासून गांधीजींनी पंचा नेसायला सुरुवात केली होती. त्यानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल १९२५ मध्ये, निपाणीला मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली. तिचे अध्यक्ष बाबासाहेब होते. या परिषदेला आता शंभर वर्षे उलटून गेली. एका हिवाळ्यात आणि त्याच्या पाठच्या उन्हाळ्यात ही दोन माणसे आपल्या मातीत येऊन गेली, हे आपल्या मुलांना माहीत असावे.

दोघांच्या पोशाखाची तुलना करताना बरेच जण घाई करतात. गांधीजी दिवाणाच्या घरात जन्मले, विलायतेत सूट घालून फिरले आणि गरिबांशी एकरूप व्हायचे म्हणून त्यांनी तो टाकला. तो त्याग मोठा होता. पण त्याग करायला आधी हातात काही असावे लागते. ज्या समाजाला चांगले कपडे घालूच दिले जात नव्हते, त्याने काय टाकायचे? १९२८ साली इंदूरच्या आसपासच्या खेड्यांत बलाई समाजावर लादलेल्या अटी बाबासाहेबांनी पुढे आपल्या ग्रंथात नोंदवल्या. पुरुषांनी जरीकाठी पगडी बांधायची नाही, रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. ज्या इंदुरात आम्ही शिकलो, त्याच्याच आजूबाजूची ही गोष्ट! म्हणून बाबासाहेबांच्या सुटाकडे साहेबी थाट म्हणून पाहणे चुकीचे आहे. जे नाकारले गेले, ते त्यांनी उघड्यावर, सर्वांच्या देखत अंगावर घातले.

यात फक्त त्यांचा स्वतःचा विचार नव्हता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेत त्यांनी स्त्रियांशी मुद्दाम वेगळा संवाद साधला. जातीची खूण म्हणून जी आखूड लुगडी नेसावी लागतात आणि जे जड, हलक्या धातूचे दागिने घालावे लागतात, ते सोडून द्या असे सांगितले. कपडे फाटके असले तरी चालतील, पण स्वच्छ ठेवा आणि मुलामुलींना शाळेत घाला, हा त्या बोलण्याचा सारांश होता. कित्येक स्त्रियांनी तेथेच लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. काही सवर्ण कार्यकर्त्यांच्या घरच्या स्त्रियांनी त्यांना नेसायला मदत केली. लक्षात घ्या, महाग कपडे घ्या असे त्यांनी सांगितले नाही.

ऑक्टोबर १९२९ मध्ये आणखी एक प्रसंग घडला. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर आणि मुंबई विधिमंडळाचे सदस्य होते. सरकारी समितीच्या कामावरून परतताना चाळीसगावला उतरले. तेथील टांगेवाल्यांनी त्यांच्या टांग्यात बसून हाकायला नकार दिला. शेवटी टांगा चालवायची सवय नसलेल्या एका माणसाने तो हाकला. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. मसूरच्या बैलगाडीला २८ वर्षे झाली होती. मधल्या काळात पदव्या मिळाल्या, पोशाख बदलला, अधिकार आला, गाडीवान तोच राहिला. तरी बाबासाहेबांनी कोट उतरवला नाही, कारण तो गाडीवानाच्या कौतुकासाठी घातलेलाच नव्हता.

त्यांच्या वडिलांच्या वर्दीची गोष्टही पूर्ण करायला हवी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली होती. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून रामजींनी आणि नंतर बाबासाहेबांनी प्रयत्न केले. १९४१ साली बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर असताना त्यांनी हा प्रश्न लावून धरला. ऑक्टोबर १९४१ मध्ये महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली, ती आपल्या बेळगावात. जी वर्दी बापाच्या पिढीनंतर हिसकावली गेली होती, ती मुलाच्या प्रयत्नाने शेकडो तरुणांच्या अंगावर पुन्हा चढली.

पुढे ते स्वतंत्र भारताचे पहिले कायदेमंत्री आणि संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५२ साली कोलंबिया विद्यापीठाने त्यांना मानद पदवी दिली. घरी मात्र ते साधेच राहत, लुंगी नेसून वाचत बसत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, तेव्हा अंगावर शुभ्र धोतर आणि पांढरा कोट होता. प्रसंग ओळखून पोशाख करणारा हा माणूस होता. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांचे काही कोट, टोप्या आणि टंकलेखन यंत्र नागपूरजवळच्या चिचोली येथे जतन केले आहेत. सहल तिकडे गेली तर अवश्य पाहावेत.

मित्रांनो, आज मोठमोठ्या कंपन्यांचे मालकही टी-शर्ट घालतात. तो त्यांचा प्रश्न. ज्याला कोणी कधी अडवलेच नाही, त्याला साधे कपडे घालून मोठे दिसता येते. पण एखाद्या घरात इस्त्रीचा कोट तीन पिढ्यांनी कमावलेला असतो. त्याला हसण्यापूर्वी आपण विचार करायला हवा होता. मुलांपेक्षा आम्ही जास्त, कारण आम्ही इतिहास शिकवतो.

मागच्या सोमवारी प्रार्थनेच्या वेळी आम्ही त्या मुलाची सर्वांसमोर क्षमा मागितली. शिक्षक सभेत तीन गोष्टी ठरल्या. शनिवारचा कलर ड्रेस चालू राहील. कपडे स्वच्छ असावेत, नवे घेण्याची गरज नाही, पालकांनी मुलांच्या हट्टाखातर कर्ज करू नये. आणि कोणाच्याही कपड्यांवर विद्यार्थी, शिक्षक किंवा मुख्याध्यापक यांपैकी कोणीही शेरा मारणार नाही.

या शनिवारी तो मुलगा कोट घालून आला. शिवणाच्या बाईंनी मधल्या सुट्टीत बाह्यांचे टाके नीट करून दिले. कोट अजून थोडा मोठाच होतो. मुलगा वाढत आहे, एक-दोन वर्षांत बरोबर बसेल.

आपला स्नेहांकित,
मुख्याध्यापक