श्रद्धेची जाहिरात आणि रेव्हरंड टिळक

धर्मकृत्य पुरे होण्याआधीच त्याचे छायाचित्र फेसबुकवर पोहोचावे, असे दिवस आले आहेत. नाताळात कांबळे वाटली जातात, तेव्हा घेणाऱ्या वृद्धेच्या चेहऱ्यापेक्षा देणाऱ्याचा चेहरा अधिक स्पष्ट दिसेल, याची काळजी घेतली जाते. प्रार्थनेला किती माणसे बसली यापेक्षा ती किती जणांनी पाहिली, हा आकडा महत्त्वाचा ठरतो. हा दोष एकट्या ख्रिस्ती समाजाचा नव्हे. अन्नदानाचे फलक आणि वारीतील सेवेच्या चित्रफिती पाहिल्या, म्हणजे सर्वच धर्मांचे अनुयायी या बाबतीत एकाच पंक्तीला बसले आहेत, हे ध्यानात येते. तथापि ख्रिस्ती श्रद्धेपुरता विचार करू लागल्यास एका पूर्वसूरीची आठवण होते आणि त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. अकोले तालुक्याच्या डोंगरांत उगम पावणाऱ्या प्रवरा आणि मुळा ज्या राहुरीच्या मुलखातून वाहतात, तेथे आणि पुढे नगर शहरात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या आयुष्याचा महत्त्वाचा काळ गेला.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आईच्या निधनानंतर ते नाशिकला आले. तेथे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले आणि काव्य व वक्तृत्व यांमुळे तरुणपणीच नाव मिळवले. नागपूरच्या वास्तव्यात तर आपणच एखादा नवा धर्म स्थापन करावा आणि त्यायोगे देशाचा उद्धार करावा, अशी आकांक्षा त्यांच्या मनात घोळत होती. म्हणजे प्रसिद्धीचा मोह या माणसाला ठाऊकच नव्हता, असे मुळीच नाही. धर्मसंस्थापक म्हणून मिरवण्याइतके मोठे स्वप्न त्यांनी पाहिले होते. पुढे 1893 मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती बायबलचा नवा करार दिला. वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथेच खिळले.

या प्रवचनात परस्परविरोधी वाटाव्या अशा दोन शिकवणी आहेत. दिवा झाकून ठेवू नये, त्याचा उजेड घरातील सर्वांना मिळावा, ही एक. दान, प्रार्थना आणि उपवास लोकांनी पाहावेत म्हणून करू नयेत, कारण जो तसे करतो त्याने आपली मजुरी आधीच उचललेली असते, ही दुसरी. आजच्या वादाचे दोन्ही पक्ष येथेच सापडतात. जो तो आपल्या सोयीची शिकवण उचलतो आणि दुसरी सोडून देतो. टिळकांच्या चरित्राचे मोल असे, की त्यांनी दोन्ही एकत्र पाळण्याचा प्रयत्न केला.

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या काळी ब्राह्मण कुळातील, त्यातही नामांकित कवीचे धर्मांतर ही मोठी बातमी होती. त्यामुळे टिळकांना व्यासपीठांची वाण पडली नसती. त्याउलट त्यांना किंमत मोजावी लागली ती घरात. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या आणि नातलगांचे दरवाजे बंद झाले. टिळक नगरला आले आणि अमेरिकन मराठी मिशनच्या कामात धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवू लागले. तेथील ख्रिस्ती समाज बहुतांशी दलित आणि दरिद्री होता. त्यांच्यात राहून, त्यांच्या भाषेत आणि चालींत उपासना कशी होईल, याचा ध्यास त्यांनी घेतला. पुढे लक्ष्मीबाईही आल्या आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांनी दिवा झाकून ठेवला नाही. त्यांनी कीर्तने केली, भजने व अभंग रचले आणि 1912 पासून ज्ञानोदयाच्या मराठी विभागाचे संपादन केले. परंतु त्यांच्या अनेक अभंगांच्या शेवटी मुद्रा येते ती दास ही. मराठी संतपरंपरेत कवीने आपले नाव गुंफण्याची रीत असताना या कवीने नावाऐवजी नाते सांगितले. मिळालेली प्रतिष्ठाही त्यांनी दुसऱ्यांसाठी खर्ची घातली. 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात ज्यांना बालकवी ही उपाधी मिळाली, त्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना त्यांनी पुत्रवत आपल्या घरी ठेवून घेतले.

1917 मध्ये टिळकांनी मिशनची वेतनी सेवा सोडली आणि संन्यस्त वृत्तीने साताऱ्यास राहून देवाचा दरबार उभारण्याचा संकल्प केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांसाठी हा दरबार खुला होता. ज्या व्यवहारात बाप्तिस्म्यांची संख्या मोजली जाई, त्यात संख्येचे मापच त्यांनी बाजूला सारले. यश मात्र आले नाही. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि दरबार मूळ धरण्यापूर्वीच विरला. आजच्या मापाने तोलले, तर हा उपक्रम फसलाच म्हणावा लागेल.

मग टिळकांचे नाव टिकले कशाने? त्यांच्या कवितांनी, हे खरेच. तितकेच ते टिकले लक्ष्मीबाईंच्या स्मृतिचित्रांनी. 1934 पासून प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात टिळकांचा रागीटपणा आहे, विसराळूपणा आहे, पैशाच्या बाबतीतला बेहिशेब आहे आणि घर सोडून निघून जाणेही आहे. बायकोने नवऱ्याची जाहिरात केलेली नाही, त्याला आहे तसा दाखवला आहे. म्हणूनच वाचकाचा त्या माणसावर विश्वास बसतो. टिळकांनी अपुरे ठेवलेले ख्रिस्तायन पुरे करण्याचे कामही याच, फारसे शालेय शिक्षण न लाभलेल्या बाईंनी अंगावर घेतले.

नव्या माध्यमांवर सरसकट बहिष्कार घालावा, असा या चरित्राचा अर्थ नाही. ज्या डोंगरी वाडीत धर्मगुरू महिनोन्महिने पोहोचत नाही, तेथे मोबाइलवरून भजन ऐकू आले तर तो उजेडच आहे. टिळक आज असते, तर त्यांनी आपली गीते या मार्गानेही घरोघर नेली असती. प्रश्न साधनाचा नसून मजुरीचा आहे. भजन पुढे जाते आणि गाणारा मागे राहतो, तेथे दिव्याचा धर्म पाळला जातो. घेणाऱ्याची लाचारी दाखवून देणाऱ्याचे नाव मोठे केले जाते, तेथे व्यवहार रोखीचा होतो. मजुरी त्याच दिवशी हाती पडते आणि हिशेब मिटतो. गरिबाला मदत मिळाली, एवढे समाधान मानून त्याकडे काणाडोळा करता येईल. परंतु त्या मदतीसाठी गरिबाने आपल्या चेहऱ्याची किंमत दिलेली असते, हे विसरता येणार नाही. येत्या नाताळात कांबळे जरूर वाटावीत. ज्यांच्या अंगावर ती पडतील त्यांचे चेहरे मात्र त्यांच्यापाशीच राहू द्यावेत.